जुन्या नौकेची कैफियत

लहानशी, कुणीतरी वापरून विकलेली शिडाची नौका घ्यावी, ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त करावी आणि तिच्यातून एकट्याने किंवा जोडीने महासागर ओलांडावा, असे जगाच्या पाठीवर कुणी केल्याची वार्ता आली, की आपल्या सुशिक्षित वर्गात त्यावर जे मत उमटते ते इतके ठरीव, इतके आत्मसंतुष्ट आणि विषयाच्या ज्ञानापासून इतके दूर असते, की ते मुकाट्याने ऐकून घेणे यापुढे मला शक्य नाही. भारतीय नौदलातून निवृत्त झालेले अभिलाष टॉमी एप्रिल २०२३ मध्ये जुन्या धाटणीच्या छत्तीस फुटी नौकेतून, २३६ दिवस एकट्याने काढून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले, तेव्हाही अभिनंदनाची दोन वाक्ये संपताच तेच मत पुढे आले. ते बोलून दाखवणारे लोक दुष्ट नाहीत. बहुतेक प्रेमळ आहेत, मुलाबाळांची काळजी वाहणारे आहेत, आणि म्हणूनच त्यांच्या शब्दाला घराघरांत वजन आहे. ज्या मताला वजन असते तेच खोडून काढणे अगत्याचे असते.

त्यांच्या फिर्यादीचा मसुदा असा. समुद्र ही क्रीडेची जागा नव्हे. ज्याला तो ओलांडायचा असेल त्याने विमानाने किंवा मोठ्या जहाजाने जावे, आणि शिडाचाच हट्ट असेल तर निदान नौका नवी, प्रशस्त आणि सर्व यंत्रसामग्रीने सुसज्ज असावी. वीस-तीस वर्षे वापरून दुसऱ्याने काढून टाकलेली होडी घेऊन निघणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे. असा मनुष्य परतला तर ते त्याचे दैव, आणि बुडू लागला तर त्याला शोधण्याचा भार सरकारी तिजोरीवर. शिवाय हा श्रीमंतांचा षोक. शिवाय त्यातून ना नवी भूमी सापडते, ना कुणाचे पोट भरते. आणि अखेर, हे उद्योग पाश्चात्त्यांचे आहेत, आपल्या प्रकृतीला मानवणारे नव्हेत. या फिर्यादीतील कलम न् कलम मी तपासून पाहिले आहे, आणि पुराव्यावर टिकेल असे एकही मला आढळले नाही.

सगळ्या कलमांच्या तळाशी एकच समजूत पडून आहे: नवे ते निर्धोक आणि जुने ते घातक. ही समजूत दुकानदाराची आहे, दर्यावर्द्याची नव्हे. नौकेचे वय हा एक आकडा नसतो. तिच्या निरनिराळ्या अवयवांची वये निरनिराळी असतात, आणि ती ओळखता येणे हेच नौकाविद्येचे पहिले प्रकरण आहे. १९६० ते १९७० च्या सुमारास फायबरच्या नौका नव्यानेच बनू लागल्या होत्या. त्या द्रव्याचे बळ किती याचा भरवसा बांधणाऱ्यांना नव्हता, म्हणून लाकडाच्या जाडीचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून त्यांनी नौकांची कवचे जाड घातली, आणि त्यांचा तो अविश्वास आज अर्धशतकानंतर खरेदीदाराच्या पथ्यावर पडला आहे. असे कवच अजून कैक वर्षे टिकते. पण त्यावरची डोलकाठी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा दहा-पंधरा वर्षांत थकतात, शिडांचा कपडा उन्हाने कुजतो, सुकाणूचे खिळे झिजतात, तळातून आरपार गेलेल्या नळ्यांच्या तोट्या गंजतात, आणि तळाचे शिसे जखडून ठेवणारे बोल्ट कुणी उघडून पाहिल्याखेरीज त्यांची अवस्था कळत नाही. जाणता मनुष्य नौका जमिनीवर ओढून घेतो, तळ खरवडतो, लाकडी हातोडीने वीतभर अंतरावर ठोके देत आवाज ऐकत जातो, कारण भरीव कवचाचा आणि आतून ओल शिरलेल्या कवचाचा नाद वेगळा असतो. संशयित तारा तो बदलतो, तोट्या बदलतो, सुकाणू उतरवून पुन्हा बसवतो. एवढे झाल्यावर जी नौका पाण्यात उतरते ती जुनी म्हणायची की नवी, हा वाद मला निरर्थक वाटतो. तिचा मालक तिच्या अंतरंगात हात घालून आलेला आहे, आणि भर समुद्रात मध्यरात्री कुठून पाणी येते आहे हे त्याला अंधारात चाचपून कळणार आहे, ही गोष्ट मात्र निर्णायक आहे. कारखान्यातून थेट धक्क्यावर आलेल्या नौकेच्या मालकाला हे ज्ञान कोणत्या हमीपत्राने मिळते?

या प्रकारच्या प्रवासाचा आद्य दस्तऐवजच जुन्या नौकेचा आहे. जोशुआ स्लोकम या शिडांच्या जमान्यातील कप्तानाला, आगबोटींनी त्याचा व्यवसाय हिरावून घेतल्यावर, एका देवमासे मारणाऱ्या जहाजाच्या कप्तानाने ‘स्प्रे’ नावाचे एक मोडके गलबत देऊ केले. ते मॅसॅच्युसेट्समधील फेअरहेवन येथे शेतात कैक वर्षे पडून होते. स्लोकमने तेरा महिने राबून ते फळीफळीने नव्याने उभे केले, सामानासाठी ५५३ डॉलर आणि ६२ सेंट खर्च केले, आणि एप्रिल १८९५ मध्ये बोस्टनहून निघून जून १८९८ मध्ये, ४६,००० मैल कापून, तो एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य म्हणून परतला. पुढे म्हातारपणी तो त्याच नौकेसह समुद्रात नाहीसा झाला, ही गोष्ट फिर्यादी पक्ष मोठ्या उत्साहाने पुढे करतो. पण प्रदक्षिणेनंतरही दहा वर्षांहून अधिक काळ जी नौका समुद्रावर वावरली, तिच्या अखेरच्या प्रवासावरून पहिल्या प्रवासाला वेडेपणा ठरवायचे, हा कुठला न्याय?

मुंबईच्या वाचकाला तर याहून जवळची साक्ष देता येईल. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर नोकरी करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या तरुण अधिकाऱ्याने १९६० नंतरच्या त्या दशकात मुंबईत एक सागवानी नौका बांधवून घेतली. आराखडा १९२० च्या दशकातला, म्हणजे त्या काळीही जुनाट समजला जाणारा. लांबी बत्तीस फूट. आणि कारागीर आपले, वाकसाने फळ्या तासणारे आणि दोरीने फिरवायच्या सामत्याने भोके पाडणारे. तिचे नाव ‘सुहैली’. तीतून तो, त्याचा भाऊ आणि एक मित्र आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला गेले. १९६८ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर झाली, तेव्हा त्यालाही मोठी, नवी, वेगवान नौका हवी होती. परंतु पैसा उभा राहिना, आणि अखेर हाताशी असलेल्या, समुद्राचे पाणी पुष्कळ प्यालेल्या ‘सुहैली’तूनच त्याने १४ जून १९६८ रोजी फालमथ बंदर सोडले. अटलांटिकमध्ये तळाच्या सांध्यातून पाणी येऊ लागले, तेव्हा त्याने समुद्रात बुडी मारून सांध्यात कापूस ठासला आणि वर पट्टी ठोकली. पुढे पिण्याच्या पाण्याच्या टाक्या नासल्या, तेव्हा तो पावसाच्या पाण्यावर राहिला; संदेश पाठवण्याचे यंत्र बंद पडले; वाऱ्याच्या आधाराने आपोआप सुकाणू सांभाळणारी योजना ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडली, तेव्हा शिडांचा तोल साधून त्याने नौका सरळ चालवली. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, तो फालमथला परतला. नऊ जण निघाले होते; शर्यत पुरी करणारा हा एकटाच.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट हा बुद्धिमान विद्युत्-अभियंता अगदी नव्या, तीन तळांच्या, स्वतः कल्पिलेल्या उपकरणांनी भरलेल्या नौकेतून मुदतीच्या अखेरच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, निघाला. ती उपकरणे जोडून झालेली नव्हती. नौका समुद्रावर पारखलेली नव्हती. पुढे तो खोटी स्थाने कळवत अटलांटिकमध्येच फिरत राहिला, आणि अखेर त्याची रिकामी नौका सापडली. त्या दुर्दैवी मनुष्याविषयी माझ्या मनात करुणेखेरीज काही नाही. नॉक्स-जॉन्स्टननेही आपल्या बक्षिसाची ५,००० पौंडांची रक्कम त्याच्या कुटुंबाला देऊन टाकली. परंतु “नवी आणि सुसज्ज नौका असावी” असा आग्रह धरणाऱ्यांनी या दोन नौका शेजारी ठेवून पाहाव्यात एवढेच माझे मागणे आहे. ‘सुहैली’ बाजारातून जुनी घेतलेली नव्हती, हे मला मान्य आहे. पण तिच्या मालकाने तिची प्रत्येक फळी बसताना पाहिली होती, हजारो मैल तिला वागवले होते, आणि तिचे दोष त्याला ठाऊक होते. ज्ञात दोषांची जुनी नौका ही अज्ञात दोषांच्या नव्या नौकेहून सुरक्षित असते. २०१८ मध्ये, पन्नास वर्षांनी, मुंबईच्या सुतारांची ती नौका फालमथच्या पाण्यात पुन्हा शिडे उभारून उभी होती.

नौकेच्या लहान आकाराविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. शीड जितके मोठे तितका त्यावरचा वाऱ्याचा जोर मोठा, नौका जितकी जड तितका तिचा नांगर जड, आणि एका मनुष्याच्या बाहूंत बळ तेवढेच. तीस फुटांच्या आतल्या नौकेचे शीड वादळातही एकट्याला आवरता येते, नांगर यंत्राविना ओढता येतो, आणि डोलकाठी मोडलीच तर उरलेल्या तुकड्याचा तात्पुरता दांडा उभारून किनारा गाठता येतो. प्रचंड नौकेवर हीच कामे विजेवर चालतात, आणि वीज गेली म्हणजे तो प्रशस्तपणा मालकाचा वैरी होतो. रंग, शिडे, दोर, बंदराचे भाडे, सगळा खर्चवेच लांबीबरोबर फुगत जातो, तो वेगळाच.

आता श्रीमंतांच्या षोकाचे कलम. ते ऐकले, की मला रॉबर्ट मॅनरी आठवतो. हा मनुष्य अमेरिकन मिशनरी मातापित्यांच्या पोटी आपल्या मसुरीजवळच्या लंढौर येथे १९१८ साली जन्मला, आणि पुढे ओहायोतील क्लीव्हलंड शहरात एका वृत्तपत्रात संपादकीय विभागात इतरांच्या मजकुराच्या चुका दुरुस्त करण्याची नोकरी करीत होता. पत्नी, दोन मुले, बेताचा पगार. १९५८ मध्ये त्याने साडेतेरा फूट लांबीची, बरीच वर्षे वापरलेली, तडा गेलेली एक उघडी लाकडी होडी १६० डॉलरांना विकत घेतली आणि तिचे नाव ‘टिंकरबेल’ ठेवले. वर्षानुवर्षे घराशेजारी तो तिच्यावर खपत राहिला: तडे बुजवले, वर फळ्यांचे छत घातले, निजण्यापुरती कोठडी केली, तळाला वजन दिले, आणि पाणी भरले तरी ती बुडू नये म्हणून पोकळ्यांत हलका फेस ठासून बसवला. नकाशे, सूर्याच्या उंचीवरून स्थान काढण्याची विद्या, संकटसूचना देणारे यंत्र, स्वतःला नौकेशी बांधून ठेवणारा दोर, या प्रत्येकाची तजवीज त्याने कामावरून आल्यावरच्या संध्याकाळी केली. १ जून १९६५ रोजी तो मॅसॅच्युसेट्समधील फालमथहून निघाला आणि १७ ऑगस्ट रोजी, ३,२०० मैलांच्या प्रवासानंतर, इंग्लंडमधील फालमथला पोहोचला, तेव्हा हजारो माणसे धक्क्यावर त्याची वाट पाहत उभी होती.

वाटेत लाटांनी त्याला एकाहून अधिक वेळा नौकेबाहेर फेकले, झोपेअभावी त्याला भास होऊ लागले, सुकाणू मोडले. या घटना सांगून विरोधक म्हणतात, हा पाहा अविचार. मी त्याच घटना सांगून म्हणतो, हा पाहा विचार. लाटेने त्याला फेकले तेव्हा दोराने त्याला परत आणले; तो दोर अटलांटिकमध्ये आकाशातून पडला नव्हता, महिनोन् महिने आधी क्लीव्हलंडच्या एका अंगणात कुणीतरी डोके शांत ठेवून कल्पना केली होती की मी पाण्यात पडेन. आपण पाण्यात पडू, आपली होडी उलटेल, आपली बुद्धी थकव्याने फिरेल, याचा आधी हिशेब मांडून त्यावर इलाज योजणाऱ्या मनुष्याला अविचारी म्हणायचे, तर विचारी कुणाला म्हणणार? आसनाचा पट्टा न लावता महामार्गावर मोटार हाकणाऱ्या, आणि त्या पट्ट्याचा टिकटिक इशारा थांबवण्यासाठी खोटी कळ बसवणाऱ्या गृहस्थाला?

मॅनरीचे उदाहरण एकटे नाही. शेन ॲक्टन हा इंग्लंडमधील केंब्रिजचा माजी सैनिक १९७२ मध्ये सुमारे अठरा फुटांची, प्लायवूडची, वापरलेली ‘श्रिम्पी’ घेऊन निघाला आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९८० मध्ये परतला. नौका त्याला ४०० पौंडांना पडली होती, आणि बहुतेक विद्या तो वाटेतच शिकला. आजही युरोपच्या बंदरांत तीस फुटी, जुन्या पण समर्थ नौका आपल्याकडील मध्यम मोटारीच्या किमतीत विकल्या जातात. षोक श्रीमंतांचा आहे असे म्हणणाऱ्यांनी नवी नौका, नवी उपकरणे, मोठी लांबी यांचा आग्रह धरला, की तो खरोखरच श्रीमंतांचा होऊन बसतो. पगारदार मनुष्याला समुद्राकडे नेणारा एकच दरवाजा आहे, तो जुन्या नौकेचा. तो सुरक्षिततेच्या नावाखाली बंद करायचा आणि मग आत फक्त श्रीमंत दिसतात म्हणून तक्रार करायची, ही दुहेरी वहिवाट मला संतापजनक वाटते.

सरकारी तिजोरीचे कलम सर्वांत आवडते आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. २०१८ मध्ये, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या एका शर्यतीत, हिंदी महासागरात अभिलाष टॉमींच्या नौकेची डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली, आणि फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या मत्स्यगस्ती जहाजाने त्यांना वाचवले. ऑस्ट्रेलिया आणि भारत यांनीही विमाने व जहाजे पाठवली. त्यावर इथे खर्चाचे हिशेब मागितले गेले. समुद्रावर संकटात सापडलेल्याला, तो कोण आहे, कुठल्या देशाचा आहे, कशासाठी आला आहे हे न विचारता मदत करावी, हा नियम आंतरराष्ट्रीय करारांत लिहिला जाण्यापूर्वी शतकानुशतके खलाशांनी पाळला आहे. आणि मदत घेणारा उद्या मदत देणाराही असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्याच शर्यतीच्या पुढील आवृत्तीत, फिनलंडच्या टापिओ लेहटिनेन यांची ‘अस्टेरिया’ ही नौका काही मिनिटांत पाण्याखाली गेली आणि ते तराफ्यावर एकटे उरले, तेव्हा सुमारे शंभर मैलांवरून मार्ग बदलून, रात्रभर जागून त्यांच्यापर्यंत पोहोचली ती दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, आपल्या छत्तीस फुटी ‘मिनेहाहा’तून. ही नौका १९८८ ची, वापरलेली. नॉयशेफरने ती कॅनडातील प्रिन्स एडवर्ड बेटावर महिनोन् महिने राबून सज्ज केली होती. लेहटिनेन यांना एका मालवाहू जहाजाच्या स्वाधीन करून ती पुढे गेली, आणि ती शर्यतही तिनेच जिंकली. तीन भूशिरांना वळसा घालणाऱ्या, एकट्याने करायच्या अशा शर्यतीत पहिली आलेली ती पहिली स्त्री. या हिशेबात तिजोरीचे देणे किती आणि येणे किती, हे फिर्यादींनीच मांडून दाखवावे.

‘अस्टेरिया’ जुनी होती आणि बुडाली, हे मी लपवत नाही. त्या शर्यतीत सोळा जण निघाले आणि मुख्य वर्गात तिघांनीच ती पुरी केली, हेही खरे. पण ही शर्यत दक्षिण महासागराच्या वादळी पट्ट्यातून, वेळेच्या दडपणाखाली, मुद्दाम जुन्या आराखड्याच्या नौका आणि जुनीच साधने वापरून करायची असते. इतके असूनही त्या वर्षी एकही मनुष्य दगावला नाही. सामान्य प्रवासी ऋतू पाहून निघतो, व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्याने जातो, वादळांच्या महिन्यांत बंदरात नांगर टाकून बसतो. शर्यतीतील तुटफुटीवरून प्रवासाचा धोका ठरवणे म्हणजे प्रश्नच चुकीच्या दफ्तरात दाखल करणे होय.

आणि धोक्याचीच एवढी कणव असेल, तर ती आपल्या किनाऱ्यावर कुठे असते? रत्नागिरी, मालवण, हर्णै, वसई येथील कोळी आणि गाबीत बांधव जुन्या होड्यांतूनच समुद्रावर जातात. हाती आलेली होडी किती हातांतून आली हे कुणी विचारत नाही. १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या काळात ती किनाऱ्यावर ओढून डागडुजी होते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून ती पुन्हा पाण्यात जाते. त्यांतील कित्येकांजवळ मॅनरीजवळ होते तितकेही संकटसूचक साधन नसते. त्यांच्या होड्यांच्या वयाविषयी, त्यांच्या मुलाबाळांविषयी, त्यांच्या शोधाच्या खर्चाविषयी या सद्गृहस्थांनी कधी लेखणी उचलली आहे काय? सुरमई ताटात आली, की तिच्यामागचा धोका त्यांना मान्य होतो. सैनिक सीमेवर जातो, तेलवाहू जहाजावरचा तरुण नऊ-नऊ महिने घराबाहेर असतो, त्यालाही कुटुंब असते; समाज त्याला आशीर्वाद देतो. तेव्हा आक्षेप धोक्याला नाही. पगाराविना, स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या हिशेबाने पत्करलेल्या धोक्याला तो आहे. मनुष्याने आपल्या आयुष्याचा विनियोग कुणाच्या हुकुमाविना करावा, हेच या मताला सहन होत नाही. मॅनरीच्या पत्नीला आणि मुलांना या प्रवासाची सुरुवातीपासून माहिती होती आणि त्यांची संमती होती. कुटुंबाच्या वतीने बोलण्याचा मुखत्यारनामा या परक्या हितचिंतकांना कुणी दिला?

निरुपयोगाच्या कलमाला मी फार जागा देणार नाही. हिमालयाच्या शिखरावर धान्य पिकत नाही, ख्यालाच्या विस्तारातून कुणाची भूक भागत नाही, आणि तरी त्यांचा उपयोग काय असे विचारणाऱ्याला आपण अरसिक म्हणतो. समुद्रालाच ही सवलत का नाकारायची?

राहिले अखेरचे आणि मला सर्वांत बोचणारे कलम: हे आपले नव्हे. समुद्रयानाला कलिवर्ज्यांत घालून प्रायश्चित्तानेही न सुटणारे पाप ठरवणारा शास्त्रार्थ आज कुणी उघड मानत नाही, पण त्याचे अवशेष आपल्या बोलण्यात जिवंत आहेत, आणि आरमाराच्या इतिहासावर अभिमानाने भाषणे करणाऱ्या घरांतही मुलाला शिडाच्या होडीत पाय ठेवू दिला जात नाही. त्यांना मला सांगायचे आहे, की शिडाच्या नौकेतून भारतीयांनी केलेली पहिली पृथ्वीप्रदक्षिणा वापरलेल्या नौकेतूनच झाली. भूसेनेच्या अभियंता दलाने इंग्लंडमधून सदतीस फुटांची एक जुनी नौका खरेदी केली, तिचे नाव ‘तृष्णा’ ठेवले, आणि २८ सप्टेंबर १९८५ रोजी मुंबईहून निघालेली ती नौका १० जानेवारी १९८७ रोजी मुंबईला परतली. त्यानंतर एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय कमांडर दिलीप दोंदे हे. त्यांची छप्पन्न फुटी ‘म्हादेई’ नवी होती खरी, पण ती गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या लहानशा कारखान्यात बांधली जात असताना दोंदे स्वतः त्या कामात गुंतलेले होते, आणि त्यापूर्वी त्यांनी धडे घेतले होते ते मुंबईच्या सागवानातून ‘सुहैली’ बांधवून घेणाऱ्या नॉक्स-जॉन्स्टन यांच्या हाताखाली. ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात दोंदे मुंबईहून मुंबईला आले. मुंबईच्या सुताराने घडवलेल्या नौकेवर एक इंग्रज जग फिरून आला आणि त्याच्याकडून शिकून एक मराठी अधिकारी जग फिरून आला, एवढा लांब धागा समोर असताना “हे आपल्या प्रकृतीला मानवत नाही” हे वाक्य उच्चारायला धैर्य नव्हे, अज्ञान लागते.

या मताने प्रत्यक्ष नुकसान केले आहे. सातशे किलोमीटरहून लांब किनारा लाभलेल्या या राज्यात पगारदार मनुष्याने आपली लहान नौका बांधून ठेवावी, दुरुस्त करावी, मुलांना शिडे शिकवावीत, अशा जागा किती आहेत? मुंबईतही खासगी शिडाच्या नौका उघड्या बंदरात नांगरून ठेवाव्या लागतात आणि पावसाळ्यात काठावर चढवाव्या लागतात. कोकणच्या प्रशस्त, निवाऱ्याच्या खाड्या या कामी रिकाम्या पडून आहेत. मागणी नाही म्हणून सोय नाही असे सांगतात. मागणी कुठून येणार, जर समुद्राकडे निघालेल्या प्रत्येक तरुणाला घरातच वेडा ठरवले जात असेल? मला प्रत्येक मोठ्या खाडीत एक धक्का हवा, त्यावर नौका ओढून घेण्याची सोय हवी, आणि जुनी नौका कशी पारखावी हे शिकवणारा एक जाणता माणूस हवा; यांत सरकारने एका पुतळ्याच्या खर्चाहून अधिक खर्च करावा असे माझे म्हणणे नाही.

तोवर ज्यांना आक्षेपच घ्यायचा आहे त्यांनी तो नीट घ्यावा. पुढच्या वेळी तुमच्या घरातील किंवा ओळखीतील कुणी मुलगा वा मुलगी वापरलेली नौका घेऊन दूर जायचे म्हणाले, तर नौकेचे वय आणि किंमत विचारू नका. तळ जमिनीवर घेऊन कुणी तपासला, ते विचारा. तारा कधी बदलल्या, सुकाणू स्वतः उतरवून पाहिले का, तोट्या बंद करून पाहिल्या का, विचारा. वीज गेली तर स्थान कसे काढणार, पाण्यात पडलात तर परत कसे चढणार, कोणत्या महिन्यात कुठल्या पट्ट्यातून जाणार, आणि किनाऱ्याला धरून किती रात्री आधी काढल्या आहेत, विचारा. उत्तरे अडखळली तर त्याला थांबवा. मी तुमच्या बाजूने उभा राहीन. पण उत्तरे बरोबर आली, तर वाट सोडा, आणि जमल्यास शिडांच्या खर्चाला हातभार लावा.